'२००१: अ स्पेस ओडिसी': बिबट्याचे डोळे का चकाकतात?

काजवा

स्टॅनली कुब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'तल्या (१९६८) आदिमानवांच्या भागाबद्दल विचारायचं आहे. मावळतीच्या उजेडात बिबट्या मेलेल्या झेब्र्यापाशी बसलेला आहे, तो शॉट सगळ्यांना आठवत असेल. त्याने मान कॅमेऱ्याकडे वळवली की दोन्ही डोळे दिवे लावल्यासारखे चकाकतात. यासाठी मुद्दाम प्रकाशयोजना केली होती का?

दुसरं असं की, हा भाग आफ्रिकेत चित्रित झालेला नाही, इंग्लंडमधल्या बोरहॅमवुडच्या स्टुडिओत झाला, असं वाचलं. मागचं वाळवंट, डोंगर, आभाळ हे सगळं फ्रंट प्रोजेक्शनने, म्हणजे पडद्यावर समोरून चित्र टाकून, आणलेलं. मग प्रोजेक्टर समोर असताना ते चित्र माकडांच्या (म्हणजे त्या आदिमानवांचा केसाळ वेश घातलेल्या नटांच्या) अंगावर कसं दिसत नाही? आणि त्यांच्या सावल्या पडद्यावर का पडत नाहीत? कॉलेजच्या एका लघुपटासाठी हे तंत्र छोट्या प्रमाणात करून बघायचं आहे, तेव्हा जमेल तितकं तपशिलात सांगा.

चौथीभिंत

डोळ्यांसाठी वेगळा दिवा नव्हता. तो प्रोजेक्टरचाच उजेड आहे. तुमच्या बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरंही त्या डोळ्यांतच आहेत.

आधी मांडणी पाहू. कॅमेरा सरळ पडद्याकडे रोखलेला. त्याच्या भिंगासमोर ४५ अंशात तिरका अर्धपारदर्शक आरसा, म्हणजे निम्मा उजेड परतवणारी आणि निम्मा आरपार जाऊ देणारी काच. प्रोजेक्टर कॅमेऱ्याशी काटकोनात, बाजूला. त्याचा उजेड आरशावर आपटून वळतो आणि पडद्याकडे जातो. पडद्याच्या बाजूने पाहिलं तर प्रोजेक्टर आणि कॅमेरा एकाच बिंदूवर असल्यासारखे दिसतात.

खरी करामत पडद्याची. तो साधा पांढरा पडदा नव्हता, ३एम कंपनीचं स्कॉचलाइट होतं. रस्त्यावरच्या पाट्यांना आणि ट्रकच्या मागे लावतात त्याला आपण 'रेडियम' म्हणतो, त्याच कुळातलं. त्यावर काचेचे अगदी बारीक मणी बसवलेले असतात. मण्यात शिरलेला किरण मागून परतून ज्या दिशेने आला त्याच दिशेने बाहेर पडतो. साधा पडदा उजेड चहूकडे पसरवतो, हा तो एका अरुंद शंकूत गोळा करून आल्या वाटेने परत पाठवतो. म्हणून त्या एका बिंदूवरून हा पडदा पांढऱ्या पडद्याच्या शंभरपटीहून जास्त उजळ दिसतो.

आता माकडं. चित्र त्यांच्या अंगावर पडतंच. पण केसाळ पोशाख उजेड पसरवतो आणि बराचसा शोषतो. पडद्याला पुरेल इतकाच मंद उजेड प्रोजेक्टरने टाकलेला असतो, त्यामुळे अंगावरचं चित्र पडद्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही फिकं. वरून सेटचे दिवे लागले की ते पुरतं धुऊन जातं. सावली पडद्यावर पडते, पण प्रोजेक्टर आणि कॅमेरा एकाच अक्षावर असल्याने ती नेमकी नटाच्या मागे लपते.

बिबट्याच्या नेत्रपटलामागे परावर्तक थर असतो. रात्री गाडीच्या दिव्यात मांजराचे डोळे चमकतात ते त्यानेच. तो थरही आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतो, म्हणजे त्याचे डोळे हे स्कॉचलाइटचे दोन छोटे तुकडेच. त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं, म्हणजे प्रोजेक्टरकडेच पाहिलं. योजून आणता आला नसता इतका सुंदर अपघात आहे हा, आणि तो चित्रपटात राहिला हे फार चांगलं झालं.

जाता जाता: तो झेब्रा म्हणजे पट्टे रंगवलेला मेलेला घोडा आहे.

रीळ_७०

चौथीभिंत यांनी प्रकाशाचं गणित नीट मांडलंय. प्रत्यक्षात अडचणी कुठे आल्या ते सांगतो, कारण कॉलेजच्या प्रयोगात त्याच छोट्या रूपात येतील.

पडदा सुमारे ४० फूट उंच आणि रुंदीला त्याच्या दुपटीहून जास्त होता. एवढं स्कॉचलाइट अखंड मिळत नाही, ते गुंडाळ्यांत येतं. गुंडाळी-गुंडाळीच्या परावर्तनात किंचित फरक असतो. नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही, पण सरळ पट्ट्या लावल्या की कॅमेऱ्यात आभाळभर उभे जोड दिसू लागतात. उपाय असा केला की गुंडाळ्यांचे वेडेवाकडे तुकडे करून ते सरमिसळ चिकटवले. सरळ रेघ डोळा लगेच पकडतो, विखुरलेले डाग ढगाळ पोत म्हणून निभावून जातात. तरी पूर्ण गेले नाहीत. चांगल्या प्रतीत उजळ आभाळाचे शॉट टीव्हीचा ब्राइटनेस वाढवून पाहा, गोधडीच्या ठिगळांसारखे फिकट-गडद तुकडे दिसतील.

दुसरी गोष्ट मागच्या चित्रांची. ती नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, एका तुकडीने जाऊन काढलेली स्थिर छायाचित्रं आहेत. कुब्रिक स्वतः तिकडे गेला नाही. चित्रपट ६५ मिमी निगेटिव्हवर घेतला होता. प्रोजेक्टरमध्ये लहान स्लाइड घातली असती, तर पडद्यावर तिचे कण दिसले असते आणि पुढचा खराखुरा खडक मागच्या डोंगरापासून सुटा पडला असता. म्हणून ८ × १० इंचांच्या पारदर्शिका, म्हणजे मोठ्या स्लाइड, वापरल्या आणि त्यांच्यासाठी खास प्रोजेक्टर बांधला. त्यामागे एमजीएमच्या ब्रिटिश स्टुडिओतला स्पेशल इफेक्ट्सचा जाणकार टॉम हॉवर्ड होता.

त्यातून तिसरी अडचण आली ती उष्णतेची. आरशात निम्मा उजेड वाया जातो आणि परतताना उरलेल्यातला निम्मा पुन्हा जातो. म्हणजे प्रोजेक्टरमधून निघालेल्या उजेडातला फार तर चौथा हिस्सा कॅमेऱ्यात शिरतो. ती तूट भरायला दणकट आर्क दिवा लागला, आणि तो पारदर्शिका भाजून काढी. दिवा आणि पारदर्शिका यांच्यामध्ये उष्णता अडवणाऱ्या काचा लावाव्या लागल्या. जुळवाजुळव फालतू प्रतीवर करायची आणि चांगली प्रत टेकच्या वेळी चढवायची, हा शहाणपणा त्यातूनच येतो.

या भागातला कॅमेरा जवळजवळ सगळीकडे स्थिर आहे. कुब्रिकची शैली हे त्याचं अर्धंच कारण. कॅमेरा वळवला की अक्ष मोडतो आणि नटाच्या कडेला काळी किनार उमटते. फिरवायचंच असेल तर कॅमेरा, आरसा आणि प्रोजेक्टर हे सगळं धूड एकत्र फिरवावं लागतं.

काजवा

दोघांचेही मनापासून आभार. पण बॅक प्रोजेक्शन तर आधीपासून होतंच, मग तेच का नाही वापरलं? आणि घरच्या प्रयोगासाठी कुठलं रेडियम घ्यायचं? दुकानात तीन-चार प्रकार दिसतात.

चौथीभिंत

बॅक प्रोजेक्शनमध्ये प्रोजेक्टर पडद्यामागे असतो, म्हणजे पडद्याइतकीच खोल जागा मागेही लागते. इतक्या मोठ्या पडद्यावर मध्यभाग झळाळतो आणि कडा अंधारतात. त्याहून मोठी अडचण अशी की नटांवरच्या दिव्यांचा उजेड पडद्यावर सांडला की चित्र फिकं पडतं, म्हणून नटांना पडद्यापासून लांब ठेवावं लागतं. स्कॉचलाइटवर बाजूच्या दिव्याचा उजेड सांडला तर तो त्या दिव्याकडेच परत जातो, कॅमेऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. माळरानावर पसरलेला सपाट उजेड स्टुडिओत मोकळेपणाने देता आला तो या गुणामुळे.

बाराबोअर

घरच्या प्रयोगाचं मी सांगतो.

रेडियम: नंबरप्लेटवाल्यांकडे मिळणारं षटकोनी जाळीचं, प्रिझमवालं घेऊ नका. ते जास्त चमकतं खरं, पण चौकटीत जाळी दिसते आणि कोन बदलला की उजेड एकदम पडतो. गुळगुळीत पृष्ठभागाचं मणीवालं चालतं, पण त्याच्या वरच्या थरावर प्रोजेक्टरच्या भिंगाचा ठिपका उमटतो. पडदा पाचेक अंश मागे कलवला की ठिपका चौकटीबाहेर जातो आणि चित्र मात्र तसंच राहतं. सगळ्यांत उत्तम म्हणजे सेफ्टी जॅकेटवर शिवतात ते राखाडी कापड. त्याचे मणी उघडे असतात, झिलई नसते. ते मीटरवर मिळतं. पुसायला जाऊ नका, मणी निघतात. घडी तर घालूच नका, प्रत्येक चुणी काळी रेघ होऊन दिसते. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवा.

आरसा: टेलिप्रॉम्प्टरची काच चालते. साधी खिडकीची काच फारच थोडा उजेड परतवते, शिवाय दोन्ही पृष्ठभागांमुळे चित्राच्या दोन प्रती दिसतात. काच कॅमेऱ्याच्या भिंगापेक्षा ऐसपैस हवी, कारण ४५ अंशात तिची रुंदी सुमारे ७० टक्केच उरते.

काळं मखमल: प्रोजेक्टरचा जो उजेड काचेतून आरपार जातो तो समोरच्या भिंतीवर पडतो, आणि ती भिंत काचेत प्रतिबिंबित होऊन कॅमेऱ्यात येते. चित्रावर धुरकट थर आल्यासारखं दिसतं आणि काळा रंग काळा राहत नाही. काचेपलीकडे, प्रोजेक्टरच्या नेमकं समोर, काळं मखमल टांगा. सॅटिन किंवा काळा कागद चालणार नाही.

जुळवणी: यात घाई केली तर सगळं वाया. प्रोजेक्टरचं भिंग ते काचेचा मध्य आणि कॅमेऱ्याचं भिंग ते काचेचा मध्य, ही अंतरं टेपने मोजून सारखी करा. उंचीही एकच हवी. कॅमेरा आणि पडदा यांच्या साधारण मध्यावर एक उभी काठी रोवा आणि कोरा पांढरा उजेड टाका. मॉनिटरवर काठीच्या उजव्या कडेला काळी रेघ दिसली, तर प्रोजेक्टरचा उजेड कॅमेऱ्याच्या डावीकडून येतोय. प्रोजेक्टर एका बाजूला दोन मिलिमीटर सरकवा. रेघ बारीक झाली तर त्याच दिशेने पुढे जा, जाड झाली तर उलट. मग काठी आडवी धरून वर-खालीही असंच करा. दोन्ही कडांना रेघ दिसत असेल तर प्रोजेक्टर कॅमेऱ्यापेक्षा काचेच्या जवळ आहे, त्याला मागे घ्या. किंचित जास्त मागे गेला तरी चालतं, सावली काठीपेक्षा अरुंद होऊन मागे लपते. जवळ मात्र नको. सगळं जमलं की तिन्ही स्टँडचे पाय टेपने जमिनीला चिकटवा.

एक्स्पोजर: आधी फक्त प्रोजेक्टर लावून मागच्या चित्राचं एक्स्पोजर ठरवा, आणि नटावरचे दिवे त्याला जुळवा. उलट क्रमाने गेलात तर प्रोजेक्टर कमी पडेल. काचेत नटाकडून येणारा उजेडही निम्मा होतो, म्हणजे एक स्टॉप (एक्स्पोजरची एक पायरी) जातो.

शटर: एका चिपचा डीएलपी प्रोजेक्टर (लाल, हिरवा, निळा रंग एकामागोमाग एक टाकणारा) असेल तर १/६० किंवा १/३० ठेवा, नाहीतर रंगीत पट्टे फिरताना दिसतील.

रीळ_७०

@बाराबोअर, शटरच्या मुद्द्याला जोड देतो. पट्टे टाळायला एलसीडी प्रोजेक्टर घ्यावा असं वाटेल, पण त्यात वेगळी गोम आहे. बऱ्याच तीन-पॅनेलच्या एलसीडी प्रोजेक्टरांत हिरव्या रंगाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा, लाल-निळ्याच्या काटकोनात असतं. तिरकी काच दोन दिशांचा उजेड सारखा परतवत नाही, त्यामुळे अख्खं चित्र हिरवट किंवा जांभळट होतं. नुसता व्हाइट बॅलन्स बदललात तर नटाचा चेहरा बिघडेल. प्रोजेक्टरला दिलेल्या चित्रातच उलटा रंग भरून घ्या.

आणखी एक. नटाचा चष्मा, घड्याळ, स्टीलचा पेला अशा वस्तूंवरून प्रोजेक्टर थेट कॅमेऱ्यात चमकतो. कोन बदलून पाहा, नाहीतर त्या वस्तू काढून टाका. केसाळ माकडांना हा प्रश्नच नव्हता.

पानगळ

या तंत्राच्या उगमाबद्दल थोडं लिहिते, कारण विज्ञानकथा वाचणाऱ्यांना ते आवडेल. फ्रंट प्रोजेक्शनची दोन अमेरिकन पेटंटं १९५५ साली विल्यम एफ. जेन्किन्स याला मिळाली. वाचक त्याला मरे लेन्स्टर या टोपणनावाने ओळखतात, नावाजलेला विज्ञानकथाकार. ३एममधल्या फिलिप पामक्विस्टने परावर्तक पडद्याचं तंत्र पुढे नेलं, आणि १९६८च्या चित्रपटांसाठीच्या ऑस्करमध्ये त्याच्यासह हर्बर्ट मेयर आणि चार्ल्स स्टॅफेल यांना या पद्धतीसाठी तांत्रिक पुरस्कार मिळाला.

कॅमेरा हलवता येत नाही ही अडचण पुढे झोरान पेरिसिकने वेगळ्या वाटेने सोडवली. तो '२००१'वरही काम करत होता. त्याने प्रोजेक्टर आणि कॅमेरा दोन्हींना झूम भिंगं लावून ती एकमेकांना जोडली. दोन्ही एकदम झूम झाली की पडद्यावरचं चित्र जितकं लहान होतं तितकंच कॅमेरा ते मोठं करतो, म्हणजे पार्श्वभूमी जागच्या जागी राहते आणि पुढचा माणूस मात्र जवळ येत असल्याचा भास होतो. १९७८च्या 'सुपरमॅन'मधली उड्डाणं अशी घेतली.

काजवा

पानगळ, हे अजिबात माहीत नव्हतं. शेवटचा प्रश्न: माकड हाड उचलून सांगाडा फोडतं, तिथलं आभाळही स्कॉचलाइटवरचंच का? ते निराळं वाटतं.

चौथीभिंत

बरोबर ओळखलंत. तो प्रसंग बाहेर घेतलेला आहे, स्टुडिओजवळच्या मोकळ्या जागेत उंच मंच बांधून. कॅमेरा खाली ठेवून वर रोखला, म्हणजे चौकटीत फक्त माकड, हाडं आणि आभाळ. खालचा रस्ता, गाड्या, इंग्लंडची हिरवळ काहीच दिसत नाही. त्या शॉटमध्ये ढगांच्या कडा मऊ आहेत, त्यांत ठिगळं नाहीत, आणि हाडावरचा उजेड आभाळाशी तंतोतंत जुळतो, कारण दोन्ही खरे आहेत. हाड वर भिरकावलं जातं तेव्हा कॅमेरा त्याच्यामागे वर जातो, आणि या भागात इतरत्र जवळजवळ कुठेच नसलेली ती हालचाल तिथे शक्य झाली, कारण सांभाळायला अक्षच नव्हता.