सूट म्हणजे मोकाट सोडणं नव्हे!

खडूस_मास्तर: काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलंय, "किरणोत्सारी वस्तूंना परवान्यातून सूट म्हणजे कंपन्यांसाठी उघडलेलं मागचं दार. एक बेकरेलही सुटता कामा नये." डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. अहो, तुमच्याच अंगात पोटॅशियम-४० या नैसर्गिक किरणोत्सारी पदार्थाचे चारेक हजार बेकरेल आहेत, म्हणजे सेकंदाला तितके अणू फुटताहेत, उद्यापासून परवाना गळ्यात अडकवून फिरणार? ज्या वापरातून माणसाला वर्षाला साधारण १० मायक्रोसिव्हर्टच्या (अंगाला लागलेल्या किरणोत्सर्गाचं माप) आत डोस मिळतो त्याला सूट, हा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा निकष. निसर्गातून जगात सरासरी २,४०० मिळतात. एका लांबच्या विमानप्रवासातच ३०-४० होतात. नियामकाकडची मोजकी माणसं घराघरातले किंचित किरणोत्सारी स्मोक डिटेक्टर मोजत बसली तर जबर स्रोत घेऊन धातूचे जोड तपासणाऱ्या रेडिओग्राफीच्या कॅमेऱ्यांकडे कोण बघणार?

शंकेखोर: तो 'कुणीतरी' मीच. नाव घ्यायला जीभ जड झाली का? अंगातलं पोटॅशियम नियमांच्या कक्षेतच येत नाही, कारण त्यावर ताबा ठेवणंच अशक्य. त्याला 'वगळणं' म्हणतात, 'सूट' नव्हे. मास्तर म्हणवता आणि एवढी गल्लत? आता तुमचा लाडका स्मोक डिटेक्टर घ्या. त्यातला किरणोत्सारी पदार्थ अमेरिशियम-२४१, त्याला सूट मिळण्याची मर्यादा १०,००० बेकरेल. डिटेक्टरमध्ये असतात ३७,००० च्या आसपास. हे मागचं दार नाही तर काय?

खडूस_मास्तर: गल्लत मान्य, पेढे वाटा. आता तुमची बघू. डिटेक्टरला सूट बेकरेलवर नाही, बनावटीवर मिळते. नमुना नियामकानं मंजूर केलेला हवा, स्रोत सीलबंद हवा, पृष्ठभागापासून १० सेंटिमीटरवर तासाला १ मायक्रोसिव्हर्टच्या वर जाता कामा नये. सूट वापरणाऱ्याला. बनवणारा काही सुटत नाही.

शंकेखोर: आणि 'ऋण आयन' सोडून तब्येत सुधारतात म्हणून विकलेली ती लॉकेटं? २०२१ मध्ये डच नियामकाला सांगावं लागलं की अशी दहा उत्पादनं किरणोत्सारी आहेत, घालू नका.

खडूस_मास्तर: दागिने आणि खेळण्यांत किरणोत्सारी माल घालणं समर्थनीयच धरत नाहीत, मग डोस कितीही कमी असो. ती सूट नव्हे, चोरटा माल होता. पुढे?

लाल_टोक: तुमचं चालू द्या, मी मध्येच बोलतो. वीस वर्षं टिग वेल्डिंग केलं. लाल टोकाचा टंगस्टनचा रॉड, त्यात २ टक्के थोरियम, म्हणजे किरणोत्सारी धातू. हे मला काम सोडल्यावर कळलं. टोक बोथट झालं की धरायचं ग्राइंडरवर, तोंडाला फडकंसुद्धा नाही. थोरियममधून निघणारे अल्फा किरण कातडीतून आत शिरत नाहीत म्हणे. पण धूळ नाकातूनच गेली तर? माझ्या शेजारच्या मशीनवरचा फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेला.

अर्धवट_ज्ञानी: वाईट वाटलं. पण तो सिगरेट ओढायचा का? शिवाय वेल्डिंगचा धूर स्वतःच कर्करोगकारक ठरलाय. सगळं थोरियमच्या माथी कसं मारणार?

लाल_टोक: ओढायचा. म्हणून धूळ माफ? ग्राइंडरसमोर उभे राहिलायत कधी?

अर्धवट_ज्ञानी: चिडू नका. थोरियमऐवजी लॅन्थॅनम घातलेले, निळ्या किंवा सोनेरी टोकाचे रॉड मिळतात, ते का नाही वापरले?

लाल_टोक: मालक आणेल ते वापरायचं असतं. तुम्ही बसल्या जागी रंग निवडा.

शंकेखोर: +१. मास्तर, तुमचा १० चा हिशेब रॉड डब्यात असतानाचा, की धूळ खाणाऱ्याचा? असंच ब्राझीलमधल्या गोयानियात झालं १९८७ मध्ये…

खडूस_मास्तर: गोयानियाला कशाला ओढता? तो सिझियमचा स्रोत ५० टेराबेकरेलचा (म्हणजे ५० लाख कोटी बेकरेल), बंद पडलेल्या क्लिनिकात टाकून दिलेला. चार जणांचा जीव गेला. सूट देण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, उलट परवान्यातला स्रोत बेवारस पडल्याची ती गोष्ट. माझं म्हणणं तेच आहे, डोळे तिथं लावा.

शंकेखोर: गोयानिया मागे घेतो. ग्राइंडरचं उत्तर द्या.

खडूस_मास्तर: हिशेबात ग्राइंडिंग धरायलाच हवं, आणि धरतात ते धूळ ओढून घेणारा पंखा चालू आहे असं मानून. तो पंखा तिथं होता का, हे बघायला मात्र कुणी जात नाही. कारण सूट. हो, इथं तुमचा मुद्दा लागू पडतो.

शंकेखोर: स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

लाल_टोक: माझ्याकडे अर्धा डबा लाल टोकाचे अजून पडलेत. टाकू कुठे?

अर्धवट_ज्ञानी: सूट आहे ना, कचऱ्यात.

खडूस_मास्तर: थांबा! रॉड राहू द्यात डब्यात, ते काही करत नाहीत. ग्राइंडरखाली साठलेली धूळ आहे का अजून? ती झाडू नका. ओल्या फडक्यानं पुसा, मास्क लावून.

लाल_टोक: ती मुलगा रोज झाडतो.