संध्याकाळी आठनंतर रोव्हरचं फिक्स का जातं? आणि याचं उत्तर आफ्रिकेतल्या लोकांकडे कसं?

मोजणीदार_यावल

राम राम मंडळी. मी यावल तालुक्यात खाजगी मोजणीचं काम करतो. बारा वर्षं झाली. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारी शिवारात उभं राहता येत नाही, हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून रस्त्याच्या कामाचे कंट्रोल पॉइंट, म्हणजे पुढची सगळी मोजणी ज्यांवरून होते त्या पक्क्या खुणा, आम्ही संध्याकाळी पाच ते रात्री दहा या वेळात घेतो.

दोन वर्षांपासून एकच त्रास आहे. साडेसातपर्यंत रोव्हर, म्हणजे हातात घेऊन फिरायचा सॅटेलाइट रिसीव्हर, छान फिक्स देतो, म्हणजे खुणेची जागा पक्की सांगतो. आठ वाजले की फ्लोटवर, म्हणजे कच्च्या आकड्यावर, जातो तो जातोच. वर बावीस सॅटेलाइट दिसत असतात, त्यांचे अकरा-बारा होतात. ढग नाही, पाऊस नाही, जवळ विजेची लाइन नाही, केळीची बागसुद्धा शंभर मीटर लांब. साडेदहा-अकराला आपोआप सगळं ठीक. अँटेना बदलला, सिम बदललं, बेसची, म्हणजे एका जागी रोवलेल्या दुसऱ्या रिसीव्हरची, जागा बदलली. एकाच खुणेचे दोन रात्रींचे आकडे चाळीस सेंटिमीटरने वेगळे आले, तेव्हा मला झोप लागली नाही. त्या आकड्यांवर कुणाच्या तरी शेताची हद्द ठरणार असते.

माझी मुलगी जळगावला फिजिक्समध्ये एम.एस्सी. करते. तिने शोधून काही शोधनिबंध दाखवले. त्यांत अगदी हेच वर्णन होतं: सूर्यास्तानंतर सिग्नल तुटणं, मध्यरात्रीच्या आसपास सुधारणं. पण लिहिणारे सगळे इथिओपिया, नायजेरिया, युगांडाचे. त्यांचं आणि आपलं दुखणं एकच आहे का? आणि मुलगी विचारते आहे की या विषयात पुढे जावं का. जाणकारांनी सांगावं.

केळीपट्टा_ड्रोन

भाऊ, मलापण रावेरकडे संध्याकाळी हाच अनुभव. मी तर टॉवरवाल्यांशी भांडून आलो. फर्मवेअर अपडेट करून बघा.

अमळनेरचे_नाना

यावलवाले भाऊ, यंत्र परत दुकानात नेऊ नका, ते चांगलं आहे. टॉवरवाल्यांचाही दोष नाही. दुखणं तीनशे किलोमीटर वर आहे.

मी अमळनेरचा. निवृत्तीच्या आधी तीन वर्षं इथिओपियात बहिर दारला फिजिक्स शिकवायला होतो. आपल्याकडचे बरेच प्राध्यापक त्या काळात तिकडे जात. ताना सरोवराच्या काठचं गाव, निळी नाईल तिथूनच निघते. जाताना वाटलं होतं, आपण शिकवायला चाललो. या विषयात मी तिथे शिकून आलो.

आधी तुमचा प्रश्न. उन्हातल्या अतिनील किरणांनी हवेच्या वरच्या थरातले अणू फुटतात आणि विद्युतभारित कणांचा एक थर तयार होतो, तो आयनोस्फिअर. सॅटेलाइटचा सिग्नल त्यातूनच खाली येतो. सूर्य मावळला की या थराचा खालचा भाग झपाट्याने विरतो, वरचा दाट भाग मात्र टिकून राहतो, उलट आणखी वर उचलला जातो. म्हणजे वर जड आणि खाली हलकं. शेवभाजीत तर्री नेहमी वर असते. तीच भांड्याच्या तळाशी सोडली तर गोळ्यागोळ्याने वर येईल ना, तसंच इथे होतं. खालचा विरळ भाग बुडबुड्यासारखा दाट थरातून वर चढतो. त्यांना प्लाझ्मा बुडबुडे म्हणतात. शंभरेक किलोमीटर रुंदीचे असतात, कधी हजार किलोमीटर उंचीपर्यंत जातात, आणि चुंबकीय रेषांच्या बाजूने उत्तर-दक्षिण पसरतात.

ते जन्मतात चुंबकीय विषुववृत्तावर. मोकळी टांगलेली चुंबकसुई जिथे अगदी आडवी राहते, ती ही रेषा. भारतात ती पार दक्षिण टोकाला, तिरुनेलवेलीच्या बाजूने जाते. 1963 मध्ये केरळातल्या थुंबाहून रॉकेट सुटलं, ती जागा निवडली होती ती याचसाठी. मग यावलला त्रास का? कारण पुरेसा उंच गेलेला बुडबुडा चुंबकीय रेषेवरून खाली उतरत आपल्या डोक्यावर येतो. शिवाय विषुववृत्तावर दिवसभर वर ढकललेले कण कारंज्यासारखे दोन्ही बाजूंना खाली पडतात. उत्तरेकडचा त्यांचा ढीग साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात साचतो. आपण त्याला लागूनच. दाट थराला असं भोक पडलं की सिग्नल चांदणीसारखा लुकलुकतो आणि रिसीव्हरच्या हातून सुटतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्याचे महिने, कारण त्या दिवसांत सूर्यास्ताची रेषा चुंबकीय रेषांशी जुळते. त्यात सूर्याचं साधारण अकरा वर्षांचं चक्र शिखरावर असलं की जोर आणखी वाढतो. सध्याचं पंचविसावं चक्र शिखराच्या काळात पोहोचल्याचं ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झालं होतं. तुमची वेळ, महिने, वर्षं, तिन्ही जुळतात.

आता आफ्रिका. चुंबकीय विषुववृत्ताचा जमिनीवरचा सगळ्यात लांब पट्टा त्या खंडात आहे, इथिओपियापासून उत्तर नायजेरियावरून पश्चिम किनाऱ्यापर्यंत. तरी वर्षानुवर्षं तिथे उपकरणं बोटांवर मोजण्याइतकी. अदिस अबाबाची चुंबकीय वेधशाळा 1958 पासूनची, पण एका वेधशाळेने खंड कसा मोजणार? पाठ्यपुस्तकातलं बरंचसं ज्ञान पेरूमधल्या हिकामार्काच्या रडारवरून आलेलं. पुढे उपग्रहांनी दाखवलं की आफ्रिकेवर बुडबुडे जवळजवळ वर्षभर उठतात, इतर ठिकाणांपेक्षा जास्त. असं का, हे जमिनीवरून तपासायचं तर जमिनीवर काही हवं ना!

ते त्यांनी उभं केलं. 2007 च्या आंतरराष्ट्रीय सौरभौतिकी वर्षात उपकरणं वाटायला सुरुवात झाली. इथिओपियाचे एन्डावोके यिझेनगाव ऑस्ट्रेलियात पीएच.डी. करून अमेरिकेत गेले, पण त्यांनी अँबर नावाची मॅग्नेटोमीटरची, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्रांची, साखळी आफ्रिकेत रोवली. बहिर दारला बायले दामते यांनी वॉशेरा प्रयोगशाळा उभी केली. ते फिनलंडमध्ये शिकले, परत येऊन तिथेच राहिले, पुढे विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. नायजेरियात बाबातुंदे राबिऊ यांनी कोगी राज्यातल्या अनिग्बा या लहान गावात वातावरण संशोधनाचं केंद्र वाढवलं. त्यांच्याही आधी, इबादानमध्ये ओन्वुमेचिली होते. चुंबकीय विषुववृत्तावर शंभरेक किलोमीटर उंचीवर दिवसा जो विजेचा प्रवाह वाहतो त्या इलेक्ट्रोजेटच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य घातलं आणि त्यावर ग्रंथ लिहिला. युगांडाचे जॉन बॉस्को हाबारुलेमा दक्षिण आफ्रिकेत आयनोस्फिअरवर काम करतात. ही नावं तुमच्या मुलीला वहीत लिहून ठेवायला सांगा. निबंधांच्या याद्यांत ती पुन्हा पुन्हा भेटतील.

मी स्वतः पाहिलेलं सांगतो. गावाबाहेर एका शाळेच्या आवारात मॅग्नेटोमीटर बसवायचं होतं. सेन्सर जमिनीत पुरतात, म्हणजे तापमान फार हलत नाही. जवळ लोखंड चालत नाही. पत्र्याचं छप्पर, खिळे, पलंग, सगळं लांब. महिनाभर आलेख सुरेख आला, पण रोज सकाळी ठरावीक वेळेला एक बारीक उडी. मुलांनी सूर्यावरची कारणं शोधली, चुंबकीय वादळांच्या, म्हणजे सूर्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठणाऱ्या खळबळीच्या, याद्या काढल्या. शेवटी तसफाये नावाच्या विद्यार्थ्याने दोन दिवस तिथे नुसतं बसून पाहिलं. राखणदार येताना सायकल आणून भिंतीला टेकवायचा. त्याला कारण समजावलं, तर दुसऱ्या दिवसापासून तो सायकल पलीकडच्या झाडाखाली ठेवू लागला आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगू लागला. वीज जायची, इंटरनेट जायचं, मग हाच तसफाये पेनड्राइव्ह खिशात घालून मिनीबसने डेटा आणायचा.

त्यानेच मला एक मोठी चूक करण्यापासून वाचवलं. त्याच्या हस्तलिखित नोंदीत सिग्नल तुटल्याची वेळ होती 'दोन'. मी आलेख काढला दुपारी दोनचा. भर उन्हात बुडबुडे! मला वाटलं, काहीतरी नवीनच सापडलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, आमचे दोन म्हणजे तुमचे रात्रीचे आठ." तिथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक, आणि सूर्यास्तानंतर पुन्हा तसंच. मग आम्ही कायमचा नियम केला: घरात वेळ कुठलीही असो, वहीत फक्त यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. त्या संध्याकाळी त्याच्या घरी बुना झाली, म्हणजे कॉफी. हिरवे दाणे समोर भाजून, तीन वेळा. सोबत इंजेरा, तेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा. मला आपल्या कळण्याच्या भाकरीची फार आठवण आली होती, चव तशी नसूनही.

कामाचं सांगतो. या महिन्यांत आठ ते अकरा कंट्रोल पॉइंट घेऊ नका. फ्लोटमधला आकडा कधीच अंतिम धरू नका, तीच खूण पहाटे पाच-साडेपाचला पुन्हा घ्या. दोन फ्रिक्वेन्सीचा रिसीव्हर सिग्नलला होणारा उशीर दुरुस्त करतो, पण सिग्नलच तुटला तर तो काय करणार?

मुलीबद्दल: जरूर जावं. पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, तिचं एक केंद्र तिरुनेलवेलीला. अहमदाबादला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा. पण वाचन तिने आफ्रिकेपासून सुरू करावं, एवढा माझा आग्रह. आपण अमेरिकेतलं नाव दिसलं की टिपून घेतो आणि बहिर दारचं दिसलं की पान उलटतो. माझ्याकडूनही असंच झालेलं आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

धुळ्याची_शाळामास्तरीण

नाना, डोळे भरून आले वाचताना. एक जोडते. मी मुलांना घेऊन अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत गेले होते. ती पूर्वी कुलाब्याला होती. मुंबईत विजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर नानाभाई मूस यांच्या काळात, 1904 मध्ये, अलिबागला हलवली. अगदी तशीच गोष्ट दक्षिण आफ्रिकेत घडली आहे. केप टाउनला 1932 मध्ये वेधशाळा सुरू झाली, उपनगरी रेल्वे विजेवर गेली आणि नोंदी बिघडू लागल्या, म्हणून 1941 मध्ये ती समुद्रकाठच्या हर्मानसला नेली. जगभर चुंबकीय वादळाची तीव्रता ज्या निर्देशांकाने मोजतात, तो चार वेधशाळांच्या नोंदींवरून काढतात आणि त्यांत एक हर्मानस आहे. म्हणजे मे 2024 च्या मोठ्या वादळाचा आकडा आपण वाचला, त्यातही आफ्रिकेचा वाटा होताच. हर्मानसलाच 2022 पासून चोवीस तास चालणारं अवकाश-हवामान केंद्र आहे, ली-अ‍ॅन मॅकिनेल यांच्या नेतृत्वाखाली उभं राहिलेलं.

आणि केवळ जीपीएसचा प्रश्न नाही. ऑक्टोबर 2003 च्या वादळांनंतर दक्षिण आफ्रिकेत मोठे ट्रान्सफॉर्मर निकामी झाले. ध्रुवांपासून लांबच्या देशांना हा धोका नाही असं तोवर समजत. केप टाउन विद्यापीठाच्या ट्रेव्हर गाँट यांनी सहकाऱ्याबरोबर त्याचा अभ्यास करून ती समजूत चुकीची असल्याचं मांडलं. आपणही ध्रुवांपासून लांबच आहोत.

मोजणीदार_यावल

नाना, ताई, कसे आभार मानू. काल फैजपूर रस्त्यावर बेस मुद्दाम रात्रभर चालू ठेवला, मुलगीही सोबत आली. 8:40 ला सॅटेलाइट गळायला लागले, आधी दक्षिणेकडचे, मग डोक्यावरचे. 10:15 ला परत आले. पहाटे पाचला तीच खूण घेतली, तीन वेळा, आठ मिलिमीटरच्या आत. ज्या दोन गटांची मोजणी मी गेल्या मार्चमध्ये रात्री केली होती, ते दोन्ही शेतकरी ओळखीचे आहेत. रविवारी जाऊन पुन्हा मोजून देणार, पैसे न घेता.

मुलीने रात्रभराची कच्ची फाइल जपून ठेवली आहे. तुम्हाला पाठवू का?

अमळनेरचे_नाना

पाठवा. मुलीलाच पाठवू द्या. आणि तिला सांगा, 8:40 खोडून 15:10 यूटीसी लिही.