डलहौसीला मुलगा नव्हता, हे राहूनच गेलं

हिंदुस्थानचा ब्रिटिश गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी निपुत्रिक होता, त्याला मूलबाळच नव्हतं, असं कुणी म्हणालं, तर त्यातलं 'निपुत्रिक', म्हणजे मुलगा नव्हता, हे बरोबर, पण 'मूलबाळच नव्हतं' हे नाही. त्याला सुसान आणि एडिथ या दोन मुली होत्या. बायको लेडी सुसान, ट्वीडेलच्या मार्क्विसची (मार्क्विस हा अर्लच्या वरचा ब्रिटिश किताब) मुलगी. (हे सासरे १८४८ पर्यंत मद्रासचे गव्हर्नर होते. म्हणजे सासरे-जावई दोघंही हिंदुस्थानात!) तब्येत ढासळली म्हणून ती मायदेशी निघाली आणि १८५३ मध्ये बोटीवरच वारली. पुढे थोरली मुलगी इथे येऊन बापाजवळ राहिली.

आता खरी गंमत. १८४८ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेबांनी मरताना घेतलेलं दत्तक याने नामंजूर केलं, संस्थान खालसा. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचीही तीच गत. मधल्या काळात, १८४९ मध्ये, पंजाब घेतल्याबद्दल त्याला मार्क्विस ही बढती मिळाली होती. १९ डिसेंबर १८६० रोजी डलहौसी कॅसलमध्ये तो वारला तेव्हा वय अवघं ४८. मुलगा नाही, त्यामुळे ही मार्क्विसकी त्याच्याबरोबरच संपली. मुली असून उपयोग शून्य, किताब पुरुष वारसालाच. म्हणजे याचीही गादी खालसाच की! फरक एवढाच, की अर्ल हा घराण्याचा जुना किताब मात्र चुलतभाऊ फॉक्स मॉल याच्याकडे गेला, तोच लॉर्ड पॅनम्युअर, क्रिमियन युद्धाच्या वेळचा युद्धमंत्री. साताऱ्याला तेवढीही सवलत मिळाली नव्हती.