शाळेत वर्गासमोर वजन आणि आहाराची ‘लाल यादी’: पोरं शहाणी होतायत की जेवणाला घाबरतायत?

गवतीचहा
लेक सातवीत आहे. जूनमध्ये पीटीच्या तासाला सगळ्यांची उंची-वजनं घेतली, म्हणजे सर काट्यावरचा आकडा मोठ्यांदा वाचणार आणि एक मुलगा रजिस्टरमध्ये लिहिणार. हिचं ४७ भरलं. तेव्हापासून मागच्या बाकावरची पोरं हिला ‘सत्तेचाळीस’ म्हणतात, नावाने हाकच मारत नाहीत. पुढच्या आठवड्यात विज्ञानाच्या मॅमनी सिग्नलसारखा तक्ता करून घेतला, हिरवं पिवळं लाल. लाल रकान्यात काय काय, तर तूप, भात, बटाटा, केळं, साबुदाणा, शेंगदाणे. वडापाव आणि कोल्ड्रिंकच्या शेजारी केळं! तो तक्ता आमच्या फ्रिजवर चिकटला.

मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग बघितलं तर ती गरम पोळीवरचं तूप टिश्यूने टिपून काढतीये. डबा अर्धा परत. आणि अचानक सोमवार धरला, मग गुरुवार, मग संकष्टी. आमच्या सासूबाई जाम खूश, नात धार्मिक निघाली म्हणून. पण उपासाची खिचडी पुढे ठेवली तर म्हणाली, साबुदाणा लालमधे आहे. तेव्हा माझी ट्यूब पेटली की हा उपास देवासाठी नाहीचे.

माझं म्हणणं, शाळेनी वजन नि ‘फॅटनिंग फूड’ हे विषय शिकवूच नयेत. पोषण शिकवा, वजन नको. बोला आता.

नाडीपरीक्षा
ताई, तुमच्या लेकीचं वाचून वाईट वाटलं, आणि तूप टिपणं मी हलक्यात घेणार नाही, ते पुढे लिहितो. पण ‘शिकवूच नये’ हे अजिबात पटलं नाही.

मी सांगलीत बालरोगतज्ज्ञ आहे. महिन्यातून दोनतीन तरी अशा आया येतात की डॉक्टर, हिची मान कितीही घासली तरी मळ निघत नाही. बेसन लावून झालेलं असतं, लिंबू झालेलं असतं, एकीने तर घासणी वापरली होती. तो मळ नसतो हो. मानेच्या मागे, काखेत कातडी काळी आणि मखमलीसारखी जाड होते ती बऱ्याचदा शरीरात इन्सुलिन नीट चालत नसल्याची खूण असते. पोरगी १३ वर्षांची. घरात आजोबांना शुगर, बापाला शुगर, आणि पोरीला सगळे ‘खात्यापित्या घरची’ म्हणून कौतुकाने बघतायत. आता या घराला कोण सांगणार? आईबाप सांगत नाहीत, शाळेनेही सांगू नये, मग काय विशीत थेट गोळ्या चालू करायच्या?

डेक्कनचा_चष्मा
डॉक्टर, मुद्दा मान्य पण वर्गात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढून हे कळतं का? केईएम पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचं प्रसिद्ध उदाहरण आहे, २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेलं. ते आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि आपले याज्ञिक २१.२ टक्के! दिसायला दोघेही सडपातळ. म्हणजे तुमचा काटा आपल्या लोकांच्या बाबतीत काय बोलणार, कपाळ? आणि हा बीएमआय मुळात १९व्या शतकातल्या एका बेल्जियन गणितज्ञाचा, लोकसंख्येची सरासरी बघायला काढलेला. एकेका पोराच्या कपाळावर चिकटवायला नाही.

नाडीपरीक्षा
तुम्ही माझीच बाजू मांडताय की! यातून निघतं काय, तर आपल्याकडे बारीक माणसालाही धोका आहे, म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची बीएमआयची रेघ २५ ऐवजी २३ वर आणली. म्हणजे शिक्षण जास्त हवं, आणि ते फक्त गुटगुटीत पोरांना नको, सगळ्या वर्गाला हवं. काट्याबद्दल म्हणाल तर मुलांना मोठ्यांची २३-२५ ची रेघ लावायचीच नसते, वय आणि मुलगा-मुलगी बघून वाढीचा तक्ता वापरतात, आयएपीचा, म्हणजे भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, २०१५ चा आहे. १२-१३ला मुलींचं वजन वाढतंच, वाढायलाच हवं, पाळी येण्याच्या आसपास शरीर साठा करतं. हे एक वाक्य त्या मॅमनी वर्गात सांगितलं असतं तर निम्मं काम झालं असतं.

गवतीचहा
हे वाक्य मलासुद्धा कोणी सांगितलं नव्हतं.

पीटीवाले
शिव्या खायला मीच पुढे येतो. मी पीटी शिकवतो, दुसऱ्या शाळेत. ५२ मुलं, ३५ मिनिटांचा तास, एक काटा, तोही स्टाफरूममधून उचलून आणायचा. माहिती वरती भरायची असते, तारीख दिलेली असते. मी आकडा वाचला नाही तर लिहिणाऱ्याला ऐकू कसा येणार? मी काय मुद्दाम लाज काढतो का कोणाची? आणि एक सांगू, आमच्या लहानपणी ‘जाड्या’, ‘काडी’, ‘ढब्बू’ सगळं चालायचं, कोणी उपास धरले नाहीत. हल्लीची पोरं नाजूक झालीत.

शेंगदाणा_चटणी
सर, तुमच्या वर्गातला ढब्बू मीच होतो असं समजा. सोलापूर, ९८-९९ साल. उपास धरले नाहीत खरंय, मी वेगळं केलं. सगळ्यांसमोर खायचं नाही हे ठरवलं. मधल्या सुट्टीत डबा उघडायचोच नाही, घरी आलो की दप्तर टाकायच्या आधी ओट्याशी उभं राहून चटणी नि दही घालून चारपाच भाकऱ्या, वर मूठभर शेव, वर गूळ, पोट दुखेपर्यंत. आणि आई आली की तोंड पुसून अभ्यासाला. आज ४० वर्षांचा बाप्या आहे, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये अजून फक्त ताक पितो आणि घरी रात्री साडेअकराला फ्रिज उघडतो. तुम्हाला कोण नाजूक वाटलं नाही कारण कोणी तुम्हाला सांगितलंच नाही. ९८ सालच्या पोराने पीटीच्या सरांना हे सांगायचं?

पीटीवाले
बरं.

तिठा_न्यूजर्सी
इकडचं सांगते. अमेरिकेत काही राज्यांत हा उद्योग २०-२२ वर्षांपासून चालू आहे, आर्कान्साने २००३ मध्ये कायदाच केला, शाळेतून बीएमआयचा रिपोर्ट घरी. कॅलिफोर्नियात पुढे हजारो मुलांवर नीट चाचणी घेतली, २०२१ मध्ये निकाल छापून आला. रिपोर्ट घरी गेलेल्या आणि न गेलेल्या मुलांच्या वजनात फरक शून्य. उलट ज्यांची शाळेत वजनं घेतली त्यांचं स्वतःच्या वजनाबद्दलचं समाधान कमी झालं आणि पोरापोरांत वजनाची बोलणी वाढली. म्हणजे औषध लागू पडलं नाहीच, वर पित्त झालं. इकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय की पौगंडातल्या मुलांशी वजनावर बोलू नका, डाएट लावू नका, घरी एकत्र जेवा, चिडवणं बंद करा. आणि हे फक्त अ‍ॅनोरेक्सियासाठी, म्हणजे जाडीच्या भीतीने जेवण सोडण्याच्या आजारासाठी नाही, लठ्ठपणा टाळायलाही हेच, दोन्हींसाठी एकच चिठ्ठी आहे.

डेक्कनचा_चष्मा
त्यातलं ‘एकत्र जेवा’ आमच्या घरी उलटं पडेल, आमच्याकडे जेवताना एक दीक्षितवाला, एक दिवेकरवाली. बाबा दिवसातून दोनदाच पंचावन्न मिनिटांत जेवणार, बायको दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकणार नि तूपभाताची बाजू घेणार, मधे पोरगं बसलेलं कावरंबावरं. शाळेला काय नावं ठेवायची!

मास्तर_धडगाव
शहरातली चर्चा वाचतोय. मी सातपुड्यात आश्रमशाळेवर आहे. आमच्याकडे जे पोस्टर आलं त्यावर ब्रोकोली आहे. पोरं विचारतात हे कसलं झाड सर. इथं ज्वारी, मका, भगर, अंबाडीची भाजी, तिचा पोस्टरवर पत्ता नाही. महाराष्ट्रात ५ वर्षांखालची ३५ टक्के पोरं वयाच्या मानाने बुटकी राहतात, २०१९-२१ च्या पाहणीचा आकडा आहे, आणि तुम्ही तूप टिपायच्या गोष्टी करताय. आठवड्याला लोहाची निळी गोळी देतो, ती पोरी खिडकीतून टाकतात, उपाशीपोटी मळमळतं म्हणून. माझं स्पष्ट मत, वजन घ्याच. आमच्याकडे वजन घेतलं नाही तर कुपोषित पोर कळणार कसं?

पण एक गोष्ट सांगतो जी मलाही अजून उलगडली नाही. यंदा नववीतली एक मुलगी ताटातला भात बाजूला सारायला लागली. हिमोग्लोबिन ८. विचारलं का गं, तर म्हणे भाताने जाडी होते. ही पोरगी ३४ किलोची. तिला कोणी शिकवलं? मी नाही शिकवलं, पुस्तकात नाही. सुट्टीत मामाच्या मोबाईलवर बघून आली.

गवतीचहा
मास्तर, तुमच्या पोरीला नि माझ्या पोरीला एकच धडा मिळाला की, नुसता माझीला शाळेतून मिळाला. माझं मघाचं म्हणणं जरा चुकलंच, ‘वजन नको’ हे मागे घेते. तुमच्याकडे काटा हवाच. पण ओरडू नका ना आकडा. आणि ‘लाल’ हा शब्द अन्नाला नको. लाल म्हणजे आमच्या घरी परीक्षेत नापास.

नाडीपरीक्षा
लाल शब्दावर मी भांडणार. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते, सातआठ चमचे. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे कशात किती साखर ते दाखवणारे फलक, लावायला सांगितले ते ह्यासाठीच आणि मला ते आवडलेत, कारण बोर्ड बाटलीबद्दल बोलतो, पोरीच्या कमरेबद्दल नाही. केळं नि शेंगदाणे त्या रांगेत बसवले ही मॅमची चूक आहे, धड्याची नाही. चुकीचं गणित शिकवलं म्हणून गणित बंद करतो का आपण?

तिठा_न्यूजर्सी
गणित चुकलं तर मार्क जातात डॉक्टर, पोर रात्री बाथरूममध्ये पोटाची वळी चिमटीत धरून बघत नाही. तुलना जमली नाही.

नाडीपरीक्षा
हे मान्य. चिमटीचं खरंय, माझ्याकडे येणाऱ्या मुली सांगतात.

गवतीचहा ताई, आता कामाचं. तूप टिपणं, डबा परत येणं, नवे उपास, हे सगळं एकत्र आहे तर एकदा दाखवून आणा. पाळी चालू झाली असेल आणि चुकायला लागली, चक्कर आली, केस गळायला लागले किंवा दोनतीन महिन्यांत वजन उतरलं तर अजिबात थांबू नका. ‘खा गं, काही जाड नाहीयेस’ असं म्हणू नका, त्यात पुन्हा वजनच येतं. आणि फ्रिजवरचा कागद तुम्ही फाडू नका, तिच्यासमोर तर नकोच. तिनेच काढला तर बरं.

पीटीवाले
रात्रभर विचार केला. ग्रंथालयाच्या कपाटामागे काटा ठेवून एकेकाला बोलवता येईल, आकडा मीच लिहीन, एका तासात नाही होणार, चार तास लागतील. हेडसरांना विचारतो.

शेंगदाणा_चटणी
कपाटाआडून बाहेर आलेल्या पोराला बाकीचे पहिला प्रश्न काय विचारणार सर? ‘किती भरलं?’ तरी करा.

गवतीचहा
अपडेट. मॅमना भेटले. चांगल्या आहेत हो बाई, त्यांनी तो तक्ता नेटवरून उतरवला होता, त्यांचं स्वतःचंच डाएट चालू आहे, डब्यात काकडी होती. म्हणाल्या तपासून घेते. घरी आले तर सासूबाई शेंगदाण्याचे लाडू वळत होत्या आणि लेक शेजारी बसून दाण्याची सालं पाखडत होती. लाडू खाल्ला नाही, पण दाणे पाखडता पाखडता तीनचार तोंडात गेले, मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. डॉक्टरांची अपॉइंटमेंट शुक्रवारची आहे. तक्ता अजून फ्रिजवरच आहे, एका कोपऱ्याची टेप सुटलीये.