मदत हवी आहे: अंदमानला सहकुटुंब जातोय, सेल्युलर जेल आणि रॉस बेटाचे फोटो कसे काढावेत?

रानजाई

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा जण अंदमानला जातोय: आम्ही दोघं, 9 आणि 5 वर्षांची मुलं, सासूबाई-सासरे. पोर्ट ब्लेअर तीन रात्री, हॅवलॉक दोन, नील एक. सासऱ्यांसाठी सावरकरांची कोठडी हेच सहलीचं मुख्य ठिकाण आहे.

सामान: 24 मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर मिररलेस, 18-135 लेन्स, 50 एमएम एफ 1.8, छोटा ट्रायपॉड, दोन फोन, 64 जीबीची दोन कार्डं. प्रश्न असे:

कोठडीत आत काळोख आणि झरोका पांढराफटक, हे कसं जमवायचं? रॉसवरच्या पडक्या इमारतींना कुठली वेळ चांगली? बोटीत आणि किनाऱ्यावर कॅमेरा कसा सांभाळायचा? कशाचे फोटो काढायचे नाहीत? आणि सगळ्यांचा एकत्र फोटो, ज्यात कुणाचे डोळे मिटलेले नसतील!

मध्यान्ह

सगळ्यात आधी घड्याळाचं बघा, कारण बहुतेकांचे फोटो तिथेच बिघडतात. अंदमान मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ 20 रेखांश आहे. एका रेखांशाला 4 मिनिटं धरली तर सूर्य आपल्याकडच्यापेक्षा 80 मिनिटं आधी चालतो, पण घड्याळ मात्र तेच भारतीय. तुम्ही जाल तेव्हा सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास, सूर्यास्त पाच-वीसच्या आसपास, आणि सूर्य सगळ्यात वर येतो तो साडेअकराला. साडेआठनंतर ऊन कडक होतं ते दुपारी तीनपर्यंत. नाश्ता करून दहाला बाहेर पडलात की सकाळचा चांगला उजेड गेलाच. संध्याकाळी 'पाचला निघू' म्हणालात तर हॅवलॉकवरच्या राधानगरला पोचेपर्यंत अंधार.

राधानगर किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्यास्त तिथे. सव्वाचारपर्यंत वाळूत पाय हवेत. हॅवलॉकचाच काळापत्थर किनारा पूर्वेला, तो पहाटेसाठी.

तिकिटांवर नवी नावं दिसली तर गोंधळू नका. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ही तिन्ही 2018 ची. पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम 2024 मध्ये झालं.

दीपगृह

जेलबद्दल सविस्तर लिहितो.

बांधकाम 1896 ते 1906. मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या सात लांब इमारती, म्हणजे पाकळ्या होत्या, आज तीन उभ्या आहेत. एका पाकळीच्या कोठड्यांचं तोंड पुढच्या पाकळीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला दुसरा कैदी दिसूच नये. हे एका फोटोत दाखवता येतं: वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात उभं राहून एका बाजूला गजांची दारं आणि समोर दुसऱ्या पाकळीची झरोक्यांची भिंत, दोन्ही एकाच फ्रेममध्ये, 18 एमएमला. गाईड हे तोंडी सांगतात, फोटो मात्र क्वचितच कुणी घेतं.

कोठडी साधारण 4.5 मीटर लांब, 2.7 मीटर रुंद, आणि झरोका 3 मीटर उंचीवर. आडव्या फ्रेममध्ये जमीन आणि झरोका एकत्र जेमतेम मावतात. दाराशी पाठ टेकवून उभी फ्रेम घ्या, 18 एमएमला सगळं बसतं.

आता उजेड. कॅमेरा आपणहून सोडलात तर तो अंधाराकडे बघून एक्स्पोजर ठरवतो आणि झरोका जळतो. स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणं) झरोक्यावर धरा, मीटर जे सांगेल त्याच्यापेक्षा 2 स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणि एक्स्पोजर लॉक करा. झरोक्यातलं आकाश जेमतेम वाचेल, भिंती काळसर राहतील. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा आणि घरी सावल्या फार तर एक स्टॉप उचला. त्याहून जास्त उचलल्या की दाणे तर येतातच, शिवाय कोठडी भाड्याच्या खोलीसारखी उजळ दिसते. ती जागा अंधारी आहे, फोटोतही अंधारीच दिसली पाहिजे. फोनचा एचडीआर (उजेड-अंधार आपोआप समान करणारी सोय) नेमका हाच घोळ करतो. झरोक्यावर बोट दाबून धरून लॉक करा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा.

एफ 4, 1/30, आयएसओ 800 पासून सुरुवात करा. ट्रायपॉडवर भिस्त ठेवू नका, गर्दीत तो लोकांच्या पायात येतो. खांदा चौकटीला टेकवा, श्वास सोडताना तीन फ्रेम सलग. एक तरी धारदार निघते.

सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, पाकळीच्या टोकाला. जेल उघडताच आधी तिथेच जा, खालचं संग्रहालय नंतर. लोक तिथे हात जोडून उभे असतात, तेव्हा फ्लॅश बंद आणि दोन मिनिटांत जागा रिकामी. सासूबाईंना जिने झेपणार नसतील तर अंगणातून त्या पाकळीचं टोक छान दिसतं, त्यांचा फोटो तिथे घ्या.

खारवट

मीठ, वाळू आणि वाफ यांच्याविषयी.

हॅवलॉकच्या खासगी बोटीत आत एसी असतो. थंड झालेला कॅमेरा डेकवर काढला की लेन्सवर धुकं बसतं. पुसू नका, पुन्हा बसेल. उतरायच्या 20 मिनिटं आधी कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून पिशवी बंद करा आणि बाहेर आल्यावर आणखी 15-20 मिनिटं तशीच ठेवा. पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरतं. हॉटेलच्या खोलीतून पहाटे निघतानाही हेच.

तुषार वाळले की मिठाचे खडे होतात आणि कोरड्या कापडाने पुसलं तर तेच काचेवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मग डिस्टिल्ड पाण्याचे दोन थेंब घातलेलं मायक्रोफायबर, मग कोरडं. लेन्सवर साधा क्लिअर फिल्टर लावाच. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. सकाळीच ठरवा, आज 18-135.

ट्रायपॉड वाळूत लावताना सर्वांत खालची, बारीक नळी आधी पूर्ण बाहेर काढा. तिचं कुलूप वाळूच्या वर राहतं. आपण उलट करतो, वरची नळी काढतो आणि खालचं कुलूप वाळूत रुततं. रात्री गोड्या पाण्याने धुऊन, उघडाच वाळवा.

फोनवर आयपी 68 (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. पाऊच घ्या, पण आधी घरी आत टिश्यू पेपर घालून बादलीत अर्धा तास बुडवून बघा. पाण्याखाली टचस्क्रीन चालत नाही, आवाजाच्या बटणाने फोटो काढा.

कार्डं कमी पडतील. एक रॉ फाइल 30 एमबी धरली तर रोज 500 फोटो म्हणजे 15 जीबी आणि सहा दिवसांचे 90. जेपीईजी सोबत ठेवलंत तर आणखी. शिवाय दुसरं कार्ड प्रतीसाठी मोकळं हवं. 128 ची दोन घ्या. बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच. 20,000 एमएएच म्हणजे साधारण 74 वॅट-अवर, 100 च्या आत, चालतं.

मध्यान्ह

रॉससाठी पहिली बोट पकडा. 1858 नंतर इंग्रजांचा कारभार तिथून चालायचा. 1941 चा भूकंप, मग 1942 मध्ये जपानी आले. आता छपरं नाहीत आणि कित्येक भिंती पिंपळवर्गीय झाडांच्या मुळांनीच धरून ठेवल्या आहेत. ऊन वर चढलं की पानांतून कवडसे पडतात आणि फोटोत नुसते ठिपके दिसतात. मग मोठी इमारत सोडा. सावलीतली एखादीच भिंत निवडा, 50 एमएम एफ 4 ला, मूळ विटांच्या सांध्यात कसं शिरलंय एवढंच. शेजारी मूल उभं केलं की मुळाची जाडी कळते. भिंतीवर मात्र चढवू नका, विटा सुटतात. हरणं जवळ येतात, 1/500 ठेवा, खायला देऊ नका.

काय काढायचं नाही: विमानतळ, नौदलाची जहाजं, धक्के. बाराटांग बेटावर गेलात तर जारवा आदिवासींच्या राखीव भागातून जाताना कॅमेरा बंद करून बॅगेत, फोनही खिशात. तिथे फोटो काढणं हा गुन्हा आहे, आणि ती माणसं काही प्रेक्षणीय स्थळ नाहीत. परवानगीविना ड्रोन नाही, तो घरीच ठेवा. शंख आणि पोवळी उचलायची नाहीत, फोटोपुरतीसुद्धा नाही.

नीलचा नैसर्गिक पूल फक्त ओहोटीला जवळून दिसतो. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, तेव्हा त्या दिवसाची वेळ हॉटेलात विचारून बाकीचा बेत त्याभोवती बसवा. दगड निसरडे असतात, आजी-आजोबांना अलीकडेच थांबवा.

रानजाई

मनापासून आभार! एकत्र फोटोचं राहिलं. आणि जेलमध्ये मुलांना हसत उभं करणं बरं वाटत नाही, मग काय करावं?

दीपगृह

एकत्र फोटो राधानगरला, सूर्यास्ताआधी अर्धा तास. सूर्य सगळ्यांच्या पाठीशी नको, एका बाजूला हवा. आजी-आजोबा ओंडक्यावर बसलेले, बाकीचे मागे. एफ 5.6, 1/250, फोकस पुढच्या ओळीवर. टायमर 10 सेकंद आणि सलग 5 फोटो असा लावा. डोळे मिटण्यावर तेवढाच उपाय.

जेलमध्ये उभं करूच नका. कोठडीच्या दाराची लांब कडी बघा. तिचं टोक दारापासून दूर, भिंतीतल्या कोनाड्यात जातं; गजांतून हात काढला तरी कैद्याची बोटं तिथवर पोचू नयेत म्हणून. आजोबा नातवंडांना ती दाखवत असतील तेव्हा दोन पावलं मागे, 50 एमएमवर एफ 2.8, फोकस कोनाड्याशी गेलेल्या आजोबांच्या बोटांवर. मुलांची तोंडं मागे थोडी धूसर राहिली तरी चालतील.