मदत हवी आहे : बाबांना गावी न्यावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींची हत्या झाली, पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, त्यात आमचा वाडाही गेला. आजोबांनी इकडे बिऱ्हाड हलवलं. बाबा तेव्हा शाळेतही जात नव्हते.

आता त्यांचं वय झालंय आणि राग मात्र वाढतोच आहे. जळलेल्या दाराची पितळी कडी त्यांनी जपून ठेवली आहे. नातवंडं आली की हातात देतात, "विसरू नका" म्हणतात. परवा नातीचा मित्र घरी आला. आडनाव ऐकताच बाबा पोह्यांची बशी तशीच ठेवून आत गेले. त्या पोराचा काय दोष? आणि त्या रात्री ज्या शेजाऱ्यांनी यांना गोठ्यात लपवलं, तेही त्याच जातीचे. हे बाबाच सांगतात, पण एका वाक्यात उरकतात.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांबद्दल १९९६ पासून आर्चबिशप डेस्मंड टुटूंच्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे सुनावण्या झाल्या. गुन्हेगारांनी पूर्ण खरं सांगितलं तर माफी मिळू शकत होती. इथे कबुली द्यायला कोणी उरलेलंच नाही. "सोडून द्या" म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण झालं ते वाईटच होतं.

त्या शेजाऱ्यांच्या नातवाचा फोन नंबर मिळालाय. आधी फोनवर बोलणं करून द्यावं की थेट गावी न्यावं? घरच्या वडीलधाऱ्यांना असं कुणी नेलं असेल तर अनुभव लिहा. राजकारण कृपया नको.