रबराचा चीक झाडात बनतो कसा?

मामाकडे दोडामार्गला गेलेलो, पहाटे खोडाला तिरकी चीर मारली की पांढरा चीक वाटीत टपटप. यात रबर आधीच असतं की नंतर बनतं?

रेवा: आधीच असतं रे. साखरेपासून ५ कार्बनचे तुकडे बनतात, आयसोपेंटेनिल पायरोफॉस्फेट, आणि चिकातल्या रबरकणांवर बसलेलं एन्झाइम ते एकामागे एक जोडत जातं, हजारो, दर जोडणीला पायरोफॉस्फेट (दोन फॉस्फेटची जोडी) सुटतं. मॅग्नेशियम नसेल तर काम ठप्प!

बंड्या: मग गटापर्चा, म्हणजे दाताच्या रूट कॅनालमध्ये भरतात तो झाडाचा चीक, ताणत का नाही, तेही हेच ना?

रेवा: तुकडे तेच, पण रबरात जोडणी सिस, म्हणजे साखळीचे दोन्ही भाग दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला, साखळी वाकडीतिकडी म्हणून ताणते. गटापर्चात ट्रान्स, म्हणजे विरुद्ध बाजूंना, साखळ्या सरळ, नीट रचून बसतात म्हणून कडक. गटापर्चाचं झाड चिकूच्याच कुळातलं बरं का.

बंड्या: म्हणजे रूट कॅनालमध्ये माझ्या दाढेत चिकूचा चुलतभाऊ भरलाय 😂